‘साहेब, तुमच्या फिलममध्ये वारा नव्हता!’

परवा एका गावी पिकांच्या पाहणीला गेलो होतो. काम आटोपून पारावर टेकलो, तर आठ-दहा तरुण पोरे एका मोबाईलभोवती कोंडाळे करून बसलेली. मोबाईलमध्ये कोणी वक्ता हात उंचावून सांगत होता की, माणसाने मनात आणले तर अशक्य असे काहीच नाही. पोरांचे डोळे चमकत होते. व्हिडिओ संपला, तसा त्यांतला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, तुम्ही गावोगाव हिंडता. बघण्यासारखं, उमेद येईल असं चार ठिकाणचं काही सांगा की!”

मी म्हणालो, “सांगतो. पण आधी एक गोष्ट ऐकावी लागेल.”

दिवस मावळायला आला होता. पोरांना धारा काढायच्या होत्या आणि मला शेवटची एस.टी. गाठायची होती. गोष्ट अर्धीच राहिली. ती आज इथे पुरी करतो. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, म्हणून सांगायला जरा जड जाते. पण तीस वर्षे शेतीखात्यात विस्ताराचे काम केल्यावर, झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली चूकच चार लोकांच्या उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे.

मी शेतकऱ्याचाच मुलगा. १९७९ साल असेल, मी तेव्हा चौथीत होतो. आमच्या गावात वर्षातून एक-दोनदा सरकारी प्रसिद्धीची गाडी यायची. मारुतीच्या देवळापुढे दोन बांबू रोवून पांढरा पडदा बांधला जाई. जनरेटर धडधडू लागला की अख्खे गाव जेवणखाण उरकून हजर. पुढे आम्ही पोरे, मागे बाप्ये, आणि देवळाच्या भिंतीकडेला, अंधारात, डोईवर पदर घेतलेल्या बायका.

एकदा ज्वारीच्या काणी रोगावरचा माहितीपट दाखवला. त्यात ना नायक होता, ना गाणे. एक शेतकरी मडक्यात बियाणे ओततो, त्यावर गंधकाची भुकटी टाकतो, मडक्याच्या तोंडाला फडके बांधतो आणि मडके चांगले हलवतो. बस्स, एवढेच. पण त्या काळी एक रीळ संपले की दुसरे चढवायला पाच-सात मिनिटे लागत. तेवढ्या वेळात ग्रामसेवक कंदील घेऊन पडद्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “विचारा काय विचारायचं ते.”

माझ्या वडिलांनी विचारले, “गंधक किती घ्यायचा?” उत्तर आले, “किलोला चार ग्रॅम.” कोणी विचारले, “औषध लावलेलं बी उरलं, तर दळून खायचं का?” ग्रामसेवक म्हणाले, “अजिबात नाही. कोंबड्यांपुढंसुद्धा टाकायचं नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आईने माळवदावरचे जुने मडके खाली काढले.

पुढे कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षण हा विषय शिकलो, परीक्षेत चांगले गुणही मिळवले. पण पुस्तकात सापडले नाही ते त्या रात्रीत होते, हे कळायला फार वर्षे गेली. गाव शहाणे झाले ते चित्रे पाहून नव्हे. चित्रे पाहिल्यावर रीळ बदलेपर्यंतची जी पाच मिनिटे मिळाली, त्यांत ते शहाणे झाले.

माझ्या पिढीने शेतीची चित्रे अशीच, मिळतील तिथे पाहिली. दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाले होते. मुंबईचे केंद्र १९७२ साली निघाले आणि ‘आमची माती आमची माणसं’ पाहायला लोक ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका टी.व्ही.पुढे बसू लागले. या कार्यक्रमांतले शेतकरी तुमच्या-आमच्यासारखेच. बोलताना अडखळत, धोतराचा सोगा सावरत. त्यामुळे ते खरे वाटत.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात असताना आम्ही ‘मंथन’ पाहिला. हा काही माहितीपट नव्हे, चित्रपट आहे. पण त्याची जन्मकथा शेतकऱ्याने जरूर ऐकावी. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि त्या पैशांतून १९७६ साली श्याम बेनेगल यांनी तो काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि त्यात काम केले आहे आपल्या स्मिता पाटीलने. एका खेड्यात जनावरांचा डॉक्टर येतो आणि दूध उत्पादकांची सोसायटी काढू पाहतो. तिथे त्याला खासगी डेअरीवाला आडवा जातो, सरपंच आडवा जातो, जातीपाती आडव्या येतात. शेवटी तर त्या डॉक्टरला गाव सोडून परत जावे लागते. तो गेल्यावर सोसायटी चालवायला उभा राहतो तो गावातलाच तापट तरुण भोला. २०२४ साली या चित्रपटाची नव्याने दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. अठ्ठेचाळीस वर्षांनीही तो जुना झालेला नाही.

पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पडद्याबाहेरची आहे. दूध संघाची माणसे या चित्रपटाच्या प्रती घेऊन गावोगाव गेली, तेव्हा प्रतीबरोबर एक जनावरांचा डॉक्टर, एक दुधाचा तंत्रज्ञ आणि एक वैरणीचा जाणकार, अशी तीन माणसे पाठवली जात. म्हणजे रात्री चित्रपट पाहून ज्याच्या मनात सोसायटी काढायचे आले, त्याला सकाळी कोणाला विचारायचे हा प्रश्नच पडत नसे.

हे सगळे मला पाठ होते. तरीही २०१२ साली मी जे करू नये ते केले.

त्या वेळी मी आमच्या भागातल्या एका दुष्काळी तालुक्यात होतो. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, जमीन बरीचशी माळरानाची. हरितगृहातल्या फुलशेतीचे तेव्हा सगळीकडे नाव झाले होते. माझ्याकडे एका यशस्वी फुलशेतकऱ्याची सी.डी. आली होती. पंचवीस मिनिटांची, रंगीत, पाठीमागे सनईचे सूर. लाल, पिवळी, केशरी जरबेराची फुले ओळीने डोलत आहेत, खोकी भरून गाडीत चढत आहेत, मालक नव्या बंगल्याच्या पायरीवर बसून हिशेब सांगतो आहे. एका गावच्या शाळेत भिंतीवर चादर लावून मी ती रात्री दाखवली. दिवे लावले तेव्हा लोक भारावले होते. खरे सांगायचे तर मीसुद्धा भारावलो होतो.

पुढच्या रांगेत एक शेतकरी होते. त्यांना सगळे गाव तात्या म्हणते, मीही तेच म्हणतो. कष्टाळू, व्यवहाराला चोख, कोणाचा रुपया बुडवणार नाहीत असे. दाराशी त्यांची मंडळी उभी होती. ती म्हणाली, “साहेब, एक विचारू का? ज्वारीला भाव नाही आला तर घरात खाता येती, कडबा गुरांना होतो. ह्या फुलांला भाव नाही आला तर त्यांचं काय करायचं?”

वाचकहो, त्या रात्री त्या शाळेत विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न होता. आणि मी, बी.एस्सी. ॲग्री झालेला अधिकारी, हसून म्हणालो, “वहिनी, मग तुम्ही रोज डोक्यात माळा!” सगळे हसले. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या आणि मागे सरकल्या. रीळ बदलायची ती पाच मिनिटे मी हशात घालवली.

तात्यांनी दहा गुंठ्यांचे हरितगृह उभे केले. खर्च दहा लाखांच्या घरात. अनुदान मिळायचे ते उभारणी झाल्यावर, तोवर बँकेचे कर्ज. पहिले वर्ष खरोखरच चांगले गेले. लग्नसराईत फुलाला भाव मिळाला आणि तात्यांनी मला घरी बोलावून पुरणपोळी घातली. दुसऱ्या वर्षी आजूबाजूला आणखी हरितगृहे उभी राहिली. श्रावण-भादव्यात फूल तोडायची मजुरीसुद्धा सुटेना. पण झाड थांबत नाही, फूल रोज येतेच, आणि तोडले नाही तर झाड खराब होते. म्हणून तोडायचे आणि उकिरड्यावर टाकायचे. वहिनींनी जे विचारले होते, त्याचे उत्तर असे उकिरड्यावर पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

२०१५ च्या मे महिन्यात अवकाळी वादळ झाले. छताचा पेपर फाटून बाभळींवर जाऊन लटकला आणि पाईप वाकले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तात्या बांधावर बसले होते. मला वाटले, आता हा माणूस शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरे झाले असते. ते माझ्याकडे न बघताच शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमच्या फिलममध्ये वारा नव्हता.”

वहिनींनी चहा आणून ठेवला. काही बोलल्या नाहीत. तो चहा घशाखाली कसा उतरवला ते माझे मला माहीत.

त्या घराला सावरायला पाच-सहा वर्षे लागली. मुलाने कॉलेज सोडून शहरातल्या कारखान्यात काम धरले, एक एकर गहाण पडले. हरितगृहाचे तंत्र खोटे आहे, असे मी म्हणत नाही. ज्याच्याजवळ पाण्याची खात्री आहे, वारा अडवणारी झाडी आहे, विमा आहे, बाजार जवळ आहे आणि एक-दोन वर्षांचा तोटा सोसायची ताकद आहे, त्याने ते केले आणि निभावले. पण यातले एकही वाक्य त्या सी.डी.त नव्हते, आणि मीही ते पदरचे जोडले नाही. सी.डी. बनवणाऱ्याचे काम फूल दाखवायचे होते. वारा दाखवायचे काम माझे होते.

त्यानंतर माझी बदली झाली. मनात म्हटले, आता लोकांना चित्रे दाखवणे बंद. तीन-साडेतीन वर्षे मी कुठे पडदा लावला नाही. नंतर एका प्रशिक्षणात एक इंग्रजी माहितीपट पाहिला आणि माझे मत पुन्हा बदलले.

त्याचे नाव ‘द मॅन हू स्टॉप्ड द डेझर्ट’, म्हणजे वाळवंटाला थोपवणारा माणूस. मार्क डॉड यांनी तो २०१० साली काढला. माणसाचे नाव याकूबा सावाडोगो. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, त्याच्या उत्तरेकडच्या गोर्गा गावचा हा शेतकरी. १९८० च्या आसपास तिकडे मोठे दुष्काळ पडले. जमीन तव्यासारखी कडक झाली, लोक गावे सोडून चालले. याकूबांचे बाजारात दुकान होते, ते सोडून ते उलटे शेताकडे गेले.

त्यांनी केले काय, तर त्या भागातली जुनीच पद्धत सुधारली. ‘झाई’ म्हणजे वीतभर खोलीचे लहान खड्डे. लोक ते पाऊस पडल्यावर घेत. याकूबांनी ते भर उन्हाळ्यात घेतले, थोडे मोठे केले आणि प्रत्येकात शेणखत टाकले. खतावर वाळवी आली. वाळवी म्हटले की आपण घाबरतो, पण तिथे तिने कडक जमिनीत बारीक बोगदे पाडले आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरले. जोडीला उताराला आडव्या दगडांच्या ओळी रचल्या, त्यामुळे वाहते पाणी थबकू लागले. खड्ड्यांत बाजरी आणि ज्वारी आली. शेणखतातून आलेल्या बियांची झाडे उगवली, ती त्यांनी उपटली नाहीत. पुढे जिथे गवताची काडी नव्हती, तिथे जंगल उभे राहिले. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले.

पण माझे मन धरले ते यशाने नाही. लोक याकूबांना वेडा म्हणत. ज्या रीतीने सगळे करतात त्या रीतीने हा करत नाही, याचा राग येऊन त्यांच्या शेताला आग लावली गेली. माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि झाडी वाढल्यावर काय झाले? शेजारचे शहर पसरत आले आणि त्यांनीच वाढवलेल्या जंगलात प्लॉट पाडायच्या खुणा रोवल्या गेल्या. हे सगळे लपवून ठेवलेले नाही. पाहताना मला एकदम तात्यांचे वाक्य आठवले. या फिल्ममध्ये वारा होता.

२०१९ च्या फेब्रुवारीत माझी पुन्हा त्याच तालुक्यात बदली झाली. त्या गावी जायला पाय उचलत नव्हता, पण गेलो. त्याच शाळेत, त्याच भिंतीवर चादर लावली. या वेळी बायकांना मी मुद्दाम पुढच्या सतरंजीवर बसवले. तात्या मागच्या खिडकीशी उभे होते. माहितीपट इंग्रजी असल्यामुळे दर पाच मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत गेलो. त्यामुळे आपोआप प्रश्नांना जागा झाली.

वहिनींनी विचारले, “तिकडं पाऊस किती?” मी म्हणालो, “आपल्यासारखाच. कमी, आणि तीन-चार महिन्यांत संपणारा.” “खड्डे एकट्यानंच खांदले का?” मी म्हणालो, “नाही. सगळं घर राबलं. काम फार आहे, हे आधीच सांगतो. उन्हाळाभर कुदळ चालवावी लागेल.” “पैसा किती घातला?” “अंगमेहनत आणि उकिरड्यातलं खत. कर्ज नाही.” मग एक म्हातारे म्हणाले, “आमच्या काळ्या रानात चालंल का?” मी म्हणालो, “नाही चालणार. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या कुजतील. हे मुरमाड, कडक, कमी पावसाच्या माळासाठी आहे.”

आगीचा प्रसंग आला तेव्हा शाळेत कोणी बोलले नाही. संपल्यावर तात्या मागून म्हणाले, “जळालेलं दाखवलंय. म्हंजे माणूस खरं बोलतोय.”

बाकी कोणी काही केले नाही. तात्यांनी मात्र एप्रिल-मे महिन्यांत माळाच्या दोन गुंठ्यांत खड्डे घेतले. फक्त दोन गुंठे, हे वहिनींनीच ठरवले. “बुडालं तर दोन गुंठे बुडतील,” त्या म्हणाल्या. जून कोरडाच गेला, जुलैत पावसाने ओढ दिली. आजूबाजूच्या माळावर कुसळही धड उगवले नाही. खड्ड्यांतली बाजरी सुकली, पण मेली नाही, आणि पाऊस आल्यावर उठली. तीस किलोच्या आत-बाहेर दाणे निघाले. कोणी म्हणेल, तीस किलोचे काय कौतुक? पण त्या माळाने तात्यांच्या वडिलांच्या काळापासून मूठभर दाणा दिला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी अर्धा एकर केले आणि काही खड्ड्यांत सीताफळाच्या बिया टोकल्या.

तर पारावरच्या पोरांनो, आणि घरी वाचणाऱ्या आयाबहिणींनो, बघण्यासारखे काय, ते आता सांगतो.

‘फॉरेस्ट मॅन’ नावाचा सोळा मिनिटांचा माहितीपट २०१३ सालचा आहे. तो यूट्यूबवर पाहायला मिळतो. आसामातल्या माजुली बेटाजवळ ब्रह्मपुत्रेच्या वाळूवर जादव पायेंग या माणसाने एकट्याने झाडे लावायला सुरुवात केली, ती १९७९ साली. पूर ओसरल्यावर उघड्या वाळूवर सावलीवाचून मेलेले साप पाहून त्याचे मन कळवळले, एवढेच निमित्त. आज तिथे साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जंगल आहे. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण हेही लक्षात ठेवा, जंगल वाढले तसे हत्ती आले, हत्तींनी शेजारच्या गावांची पिके तुडवली आणि लोक पायेंग यांच्यावरच चिडले. चांगल्या कामाचाही कोणाला तरी त्रास होतो, आणि तो निस्तरावा लागतो.

चीनमधल्या लोएस पठारावर जॉन लिऊ यांनी काढलेले माहितीपट आहेत. मऊ पिवळ्या मातीचे ते डोंगर चराईने आणि उतारावरच्या नांगरटीने उघडे पडले होते. १९९० च्या दशकात तिथे मोठे काम सुरू झाले. उतारावर पायऱ्या घातल्या, माथ्यावर झाडे लावली आणि मोकाट चराई बंद केली. आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी पाहून डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण शेळ्या-मेंढ्या बांधून घालायला लोक सुखासुखी तयार झाले नव्हते. आपल्याकडे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथेही चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली, तेव्हाच डोंगर हिरवे झाले. हिवरे बाजारात तर शेतीला बोअरच्या पाण्यावर बंदी आहे आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. या गावांवरचे व्हिडिओ पाहताना नुसते हिरवे डोंगर पाहू नका. गावाने काय काय सोडले, ते पाहा.

आणि पाणी फाउंडेशनच्या प्रशिक्षणाच्या फिल्म. २०१६ साली वॉटर कप सुरू झाला तेव्हा गावातून पाच-पाच माणसे शिकायला गेली. समपातळी रेषा कशी काढायची, चर कुठे घ्यायचा, हे त्या फिल्ममधून शिकून परत येऊन गावाला शिकवू लागली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. त्या फिल्ममध्ये मला आवडते ते हे की, त्या बघणाऱ्याच्या हातात कुदळ देतात. पाहून उठला की काय करायचे ते माणसाला ठाऊक असते.

नुसत्या भाषणाच्या व्हिडिओंना मी नावे ठेवत नाही. खचलेल्या माणसाला कधीकधी दोन शब्दही उठवून बसवतात. पण ती उमेद मिरगाच्या पहिल्या सरीसारखी असते. वास छान येतो, पण तेवढ्यावर पेरणी करायची नसते. ओल किती खोल गेली ते मातीत हात घालून पाहावे लागते.

म्हणून आमच्या शेतकरी बैठकीत मी आता एक नेम केला आहे. व्हिडिओ कुठलाही असो, संपल्यावर पाच प्रश्न विचारायचे. याला पाणी किती लागले आणि ते कुठून आले? पैसा कोणाचा होता, आणि भाव पडला त्या वर्षी काय झाले? यात काय बुडाले, ते दाखवले का? हे आपल्या जमिनीला आणि आपल्या पावसाला जुळते का? आणि शेवटचा, हा व्हिडिओ काढला कोणी, खाली फोन नंबर कशासाठी दिला आहे? रोपे, पिल्ले किंवा यंत्र विकायला तो नंबर असेल, तर ती जाहिरात आहे. जाहिरात पाहायला हरकत नाही, फक्त ती जाहिरात म्हणून पाहावी. एवढे होऊनही करावेसे वाटले, तर आधी दोन गुंठ्यांत करून पाहावे.

आणि बघताना एकट्याने कानात वायरी घालून बघू नका. घरात सगळ्यांनी मिळून बघा. ज्या बाईला रोज चूल आणि गोठा चालवायचा असतो, तिला अडचण आधी दिसते. ती विचारील तेव्हा हसू नका. मी हसलो होतो.

गेल्या दिवाळीनंतर तात्यांकडे गेलो होतो. हरितगृहाच्या वाकलेल्या पाईपांवर आता दोडक्याचे आणि कारल्याचे वेल चढवले आहेत. वहिनींनी पाटीभर सीताफळे पुढे ठेवली. मुलगा गावी परत आला आहे. त्याने माळावरच्या खड्ड्यांचा स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, तो मला दाखवला. त्यात तात्या कुदळ घेऊन खड्डा कसा घ्यायचा ते सांगतात. मग वहिनी शेजाऱ्याच्या काळ्या रानात नेतात आणि तिथे पाणी साचून पिवळी पडलेली बाजरी दाखवून म्हणतात, “हितं नका करू.” तो भाग घालायचाच, असा त्यांचाच हट्ट होता म्हणे.

फक्त माळावर वारा एवढा होता की तात्यांचे बोलणे मधूनमधून ऐकूच येत नव्हते. नुसता घोंघों आवाज. मुलगा म्हणाला, “साहेब, दादांचं बोलणं शांत जागी पुन्हा घेऊ का? म्हणजे वाऱ्याचा आवाज जाईल.”

मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, “ऱ्हाऊ दे. वारा ऱ्हाऊ दे त्यात.”